लिम्फेडेमा : पायाच्या सुजेसाठी पाण्यातला व्यायाम – नाशिकमध्ये कोणी केलाय का?

मंजिरी_इंदिरानगर | ३ एप्रिल, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. एवढे दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

आई ६३ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिचं गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी काढल्या, नंतर लाइट (रेडिएशन) दिले. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईच्या किती फेऱ्या झाल्या त्याची गणतीच नाही. तपासण्या आता स्वच्छ येतात. पण मागच्या दिवाळीत डावा पाय सुजायला लागला. फराळ करताना उभी राहिली म्हणून असेल, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. मग एक दिवस जोडवं रुतलं, साबण लावूनही निघेना, शेवटी सोनाराकडे जाऊन कापून आणलं. तरीही आम्हाला शंका नाही!

डॉक्टरांनी डॉप्लर करून घेतला, शिरेत गुठळी नव्हती. फिजिओथेरपिस्टने अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, जोडवं असायचं नेमकं तिथेच, कातडी चिमटीत धरून बघितली. उजव्या पायाची उचलली गेली, डाव्याची नाही. त्या म्हणाल्या, हा लिम्फेडेमा, म्हणजे लसिका (लिम्फ, शरीरातला पातळसर द्रव) तुंबून आलेली सूज. तीन आठवडे रोज पट्ट्या बांधल्या, पाय बराच उतरला, आता मांडीपर्यंतचं स्टॉकिंग, म्हणजे दाब देणारा घट्ट मोजा, घालते. परवा त्या म्हणाल्या, उन्हाळा आहे तर पाण्यातले व्यायाम सुरू करा.

आईचा जन्म पंचवटीतला, पण पाण्याशी संबंध रामकुंडात डुबकी मारण्यापुरता. पोहता येत नाही. माझे प्रश्न : पोहता न येणाऱ्याला हे जमतं का? पाण्यात स्टॉकिंग घालायचं की काढायचं? आणि खरंच उपयोग होतो का?

गोदाकाठचा | ३ एप्रिल, ११:०५

वाचतोय. सासूबाईंचंही असंच आहे, फक्त त्यांना अजून सगळे "वात आहे" असंच सांगतात. ते बोटाच्या चिमटीचं आज घरी गेल्यावर करून बघतो.

ओली_पायरी | ३ एप्रिल, दुपारी २:३०

मंजिरी, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आईला न तपासता बोलतेय, त्यामुळे हे त्यांच्या थेरपिस्टना दाखवून मगच करा.

पोहता येण्याची काहीही गरज नाही. छातीपर्यंत पाण्यात उभं राहता आलं की झालं.

रक्ताला ढकलायला हृदय आहे, लसिकेला असा पंप नाही. लसिकावाहिन्या स्वतःच हळूहळू आकुंचन पावतात, आत झडपा असतात, आणि बाकीचं काम पोटऱ्यांचे स्नायू आणि श्वास करतात. आईंच्या ओटीपोटातल्या ग्रंथी काढल्या आणि वर लाइट दिले, म्हणजे डाव्या पायाचा हमरस्ताच बंद. उरलेलं सगळं गल्लीबोळातून जाणार. त्यात या द्रवात प्रथिनं जास्त असतात, म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज जात नाही. पाणी जातं, प्रथिनं तिथेच राहतात. हे लिहायचं कारण, अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे पेशंट दर महिन्याला भेटतात.

पाण्यात तीन गोष्टी एकदम मिळतात. चहूबाजूंनी दाब, तोही तळपायाला सगळ्यात जास्त आणि वर कमी होत जाणारा. वजन कमी भासतं : कमरेपर्यंत पाण्यात निम्मं, छातीपर्यंत गेलात तर जेमतेम तिसरा हिस्सा उरतो, त्यामुळे गुडघे कुरकुरत नाहीत. आणि पाय हलवला की पाणी अडवतं, म्हणजे स्नायूंना काम.

सुरुवात पायापासून करायची नाही, हे सगळे चुकतात. आधी वरचा रस्ता मोकळा. खांदे फिरवा, मग पोट फुगवून सावकाश श्वास. संपूर्ण शरीराच्या लसिकेचा मोठा भाग मानेपाशी डाव्या बाजूला शिरेत जाऊन मिळतो आणि खोल श्वासाने तो वर ओढला जातो. मग कठडा धरून मांडी वर उचलणं, गुडघा वाकवणं, घोटा फिरवणं, चवड्यांवर उभं राहणं. शेवटी पाण्यात चालणं, पुढे, मागे, आडवं. सगळं सावकाश. दम लागेल असं काही नको, शेजारी कोणी सपासप पोहत असलं तरी.

दुतोंड्या | ३ एप्रिल, ३:१५

म्हणजे आमच्यासारखंच. कमरेला लागलं की निम्मं, छातीला लागलं की तिसरा हिस्सा. नाशिककरांना गोदेच्या पुराचं पाणी मोजायला दुतोंड्या मारुतीच लागतो.

सातपूर_फिटर | ३ एप्रिल, रात्री ९:५०

दाबाचा हिशेब करून बघितला, सवय. पाण्याचा दाब खोलीच्या दर सेंटिमीटरला साधारण ०.७४ मिलिमीटर पारा. १२० सेंटिमीटर पाण्यात उभं राहिलं तर तळपायाशी जवळपास ८८. मांडीशी, म्हणजे ४० सेंटिमीटर खोल धरा, तिथे ३० च्या आसपास. आईंचं स्टॉकिंग कुठल्या क्लासचं आहे? जर्मन मापाने क्लास २ म्हणजे घोट्याशी २३ ते ३२. तलाव फुकटात त्याच्या तिप्पट दाब देतोय, आणि एकही सुरकुती न पडता. गच्चीवरच्या टाकीचं आणि तळमजल्यावरच्या नळाचं जे नातं, तेच.

म्हणून उथळ बाजूला बसून पाय हलवण्यात अर्थ नाही. खोली हेच औषध.

ओली_पायरी | ३ एप्रिल, १०:२०

हिशेब बरोबर. फक्त एक भर घालते. हाच दाब पायातलं रक्तही छातीकडे ढकलतो, त्यामुळे हृदयाचं काम वाढतं. हृदय कमजोर असेल, बीपी ताब्यात नसेल, फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय छातीभर पाण्यात उतरू नका. आणि याच कारणाने पाण्यात गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत लघवीला लागते. पेशंट लाजतात, त्यांना वाटतं आपलंच काहीतरी बिघडलंय. मूत्रपिंडांना वाटतं शरीरात पाणी जास्त झालं, ती कामाला लागतात, एवढंच. आधी जाऊन या आणि कठड्याजवळ रहा.

आप्पा_निफाड | ४ एप्रिल, सकाळी ६:१०

राम राम. आमच्या द्राक्षबागेत शेततळं आहे, चांगलं दहा फूट. तिथं उभं राहून करता येईल का? मालकिणीचा पाय दोन वर्षं सुजलेला आहे, तलावात जायची तयारी नाही, बायका हसतील म्हणते. दुसरं, वज्रेश्वरीच्या गरम कुंडात नेलं तर? गरम पाण्याने सूज उतरते असं ऐकून आहे. आणि रामकुंड तर आहेच.

ओली_पायरी | ४ एप्रिल, ७:४५

आप्पा, तिन्हीला नाही म्हणते, रागावू नका.

शेततळ्याचं प्लॅस्टिकचं अस्तर शेवाळलं की पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही, दर वर्षी बातम्या वाचतोच आपण. मालकिणीला तिथे अजिबात नेऊ नका.

गरम कुंड मार लागून आलेल्या दुखण्याला बरं वाटेल, या सुजेला नाही. उष्णतेने रक्तवाहिन्या पसरतात, पायात द्रव आणखी झिरपतो, आणि आधीच तुंबलेल्या रस्त्यावर वाहतूक वाढते. अशा व्यायामासाठी पाणी ३२-३३ अंशांचं घेतात, म्हणजे हाताला कोमट लागेल न लागेल इतकंच. नाशिकमध्ये एप्रिल-मेमध्ये साध्या तलावाचं पाणी चालून जातं. डिसेंबरात तुमच्याकडे निफाडला पारा कुठे जातो ते मी सांगायला नको, तेव्हा उघड्या तलावात कुडकुडत व्यायाम होत नाही.

रामकुंडाबद्दल श्रद्धेच्या आड येत नाही. पण या पायाच्या कातडीला भेग पडली आणि तिथून जंतू शिरले तर सेल्युलायटिस होतो. पाय लालबुंद, गरम, थंडी वाजून ताप. दर अशा हल्ल्याला उरल्यासुरल्या वाहिन्या खराब होतात आणि सूज एक पायरी वर चढते. हात जोडा, दोन थेंब डोक्याला लावा, पाय बाहेर ठेवा.

आणि पहिलं म्हणजे, दोन वर्षं सुजलेला पाय कुणी तपासलाय का? एका पायाची सूज गुठळीची, शिरांची, कशाचीही असू शकते. दोन्ही पाय असतील तर हृदय, थायरॉइड आणि किडनीही बघावी लागते. आधी निदान.

आप्पा_निफाड | ४ एप्रिल, ८:०२

रागवायचं काय ताई. सोमवारी सिव्हिलला नेतो. क्रेप बँडेज बांधतोय आम्ही सध्या.

ओली_पायरी | ४ एप्रिल, ८:३०

तेही तूर्त थांबवा. क्रेप ताणलं जातं, झोपेत आवळत राहतं आणि चालताना नुसतं सैलावतं. लिम्फेडेमाला कमी ताणाच्या पट्ट्या लागतात, अनेक थरांत, आणि त्याही शिकून बांधायच्या.

अंबड_नाइटशिफ्ट | ५ एप्रिल, पहाटे ४:२०

माझा उजवा पाय गुडघ्याखाली आहे तो हत्तीरोगाचा. गाव गडचिरोली जिल्ह्यात, इथे कंपनीत अकरा वर्षं. आमच्याकडे हा रोग घरोघरी माहीत आहे, दरवर्षी गोळ्या वाटायला येतात. इकडे मात्र बसमध्ये शेजारी बसायला लोक बिचकतात. हा रोग पाण्यातून पसरत नाही, शिवण्याने पसरत नाही, क्युलेक्स डासाने पसरतो, आणि तो डास घाण साचलेल्या पाण्यावर वाढतो. जंतू मेले तरी बिघडलेल्या वाहिन्या तशाच राहतात, म्हणून पाय तसाच.

दोन वर्षांपूर्वी मीही हौसेने एका खाजगी तलावावर गेलो होतो. काउंटरवरच्या माणसाने पाय बघितला आणि "हे बाकीच्यांना होईल" म्हणून परत पाठवलं. डॉक्टरचं पत्र आणतो म्हटलं, तरी नाही. नाव लिहीत नाही, उपयोग नाही.

पण नंतर स्किनवाल्या डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते इथे कामाचं आहे. माझ्या बोटांच्या बेचक्यांत बुरशी होती आणि घोट्याच्या घडीत चिरा. त्या म्हणाल्या, तुला तलाव आता नकोच, तुझं पाणी बादलीतलं. रोज साधा साबण, गार पाणी, घड्या आणि बेचके बोटाने उघडून धुवायचे, मऊ फडक्याने टिपून कोरडे करायचे, घासायचं नाही, मग मलम. रात्री पाय उंचावर. मला आधी वर्षाला चार-पाच वेळा ताप यायचा आणि हजेरी बुडायची. नुसत्या धुण्याने गेल्या वर्षी एकदाच आला. केरळात कासारगोडला इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी म्हणून संस्था आहे, तिथे धुणं, आयुर्वेदातले लेप, योगासनं आणि पट्ट्या असं एकत्र करतात. गावाकडचा एक जण जाऊन आला, त्याने मला फोनवर तासभर शिकवलं.

आता कातडी चांगली आहे. या उन्हाळ्यात पुन्हा तलावाचं बघावं असं धागा वाचून वाटलं.

मंजिरी_इंदिरानगर | ५ एप्रिल, सकाळी ८:१५

दादा, हे आईला वाचून दाखवलं. ती दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, माझ्या बोटांच्या बेचक्यांत बघ गं. बघितलं, करंगळीजवळ पांढरं पडलेलं आहे. म्हणजे आधी ते.

शंकासुर | ५ एप्रिल, दुपारी १२:४०

थोडं विरुद्ध बोलतो. इस्राएलमध्ये डोरित तिधार या फिजिओथेरपिस्टने ही पाण्यातली पद्धत बसवली. तिचा २०१० सालचा अभ्यास आहे, स्तनाच्या कॅन्सरनंतर हात सुजलेल्या बायकांवर. निष्कर्ष सरळ आहे. पाण्यातून बाहेर आल्या आल्या हात बारीक झालेला दिसतो, पण पुढच्या काळात त्याचा फरक टिकलेला दिसत नाही. शिवाय तो हात होता, इथे पाय. तेव्हा तलावाचे पैसे भरण्याआधी विचार करा, इतकंच.

ओली_पायरी | ५ एप्रिल, १:३०

शंकासुर बरोबर बोलतायत आणि हे मी पेशंटना स्वतःहून सांगते. त्याच अभ्यासात बायकांचं रोजचं जगणं सुधारल्याचंही नोंदवलंय आणि त्या नियमित येत राहिल्या. घरच्या व्यायामाचं कोणी दोन महिन्यांनंतर नाव काढत नाही.

पण मूळ मुद्दा असा की पाण्याचा मोजा तलावातच राहतो. तुम्ही शिडी चढून वर आलात की ८८ चा शून्य होतो. पुढच्या पंधरा मिनिटांत पाय कोरडा करून स्टॉकिंग चढवलं तर उतरलेली सूज धरून ठेवता येते. ओल्या कपड्यात गप्पा मारत बसलात, कॅन्टीनला चहा घेतला, स्कूटरवर घरी आलात आणि मग मोजा घातला, तर शंकासुर जिंकले.

नलूमावशी | ५ एप्रिल, सायंकाळी ६:५५

मला पाचवं वर्ष. आधी सावरकर तलाव, आता घरापासून जवळ म्हणून नाशिकरोडचा. मंजिरी, तुला जे कोणी सांगणार नाही ते सांगते.

कॉस्च्युम : साडीवाल्या बायकांचं अर्धं धैर्य इथेच संपतं. गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा मिळतो, तो घे, पण सुजलेल्या पायाच्या मापाने. मांडीला किंवा गुडघ्याला इलॅस्टिक रुतलं तर पाय तिथून खाली फुगतो. माझ्या पहिल्या कॉस्च्युमने तेच केलं, व्यायाम करून पाय जाड करून आले. शिंप्याकडून एका पायाची शिवण उसवून कळी घालून घेतली.

शिडी : सरळ उभी लोखंडी शिडी असेल तर उतरताना सोपं, चढताना जीव जातो, कारण पाण्यात हलका झालेला पाय वर येताच दगड होतो. पायऱ्या असलेला तलाव शोध. नसेल तर पहिले काही दिवस कोणीतरी काठावर हवं.

पायात : काठावरच्या खरबरीत फरशीने टाच सोलवटते. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घालून जा, तेच घालून पाण्यात उतर.

स्टॉकिंग : पाण्यात काढायचं, क्लोरीनने इलॅस्टिक मरतं. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने पाय धुऊन, बेचके टिपून, पाच मिनिटं पंख्याखाली. दमट पायावर ते चढतच नाही, ओढाओढीत नख लागून मोजाही फाटतो. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून चढव, तळव्याला पकड येते, सुरकुत्या सरळ होतात. कॉस्मेटिकच्या दुकानात काही शोधू नकोस, हातमोजे किराणा दुकानात मिळतात. खोबरेल तेल रात्री लाव, सकाळी नाही, तेलाने मोज्याचं रबर सैल पडतं.

आणि मेच्या सुट्टीत संध्याकाळी जाऊ नकोस. पोरांची शिबिरं असतात, अंगावर उड्या मारतात.

सातपूर_फिटर | ५ एप्रिल, ७:३०

मोजमाप ठेवा ही विनंती. शिंप्याची टेप, पायावर पेनने तळव्यापासून दर १० सेंटिमीटरला खूण, रोज नाही तर आठवड्यातून एकदा, पण त्याच वारी त्याच वेळी. सकाळचा आणि संध्याकाळचा पाय एक नसतो. दुसऱ्या पायाचंही माप घ्या, नाहीतर वजन घटलं की सूज उतरली याचा पत्ता लागत नाही.

शंकासुर | ५ एप्रिल, ७:४१

याला +१. आणि तलावातून आल्या आल्या घेतलेलं माप वेगळ्या रकान्यात.

मंजिरी_इंदिरानगर | २२ मे, रात्री १०:१०

उशिरा लिहितेय, माफ करा. करंगळीजवळची बुरशी जायला तीन आठवडे लागले, तोवर तलाव बंदच. मग २८ एप्रिलपासून आठवड्यातून तीन दिवस, सकाळची बायकांची बॅच. पहिल्या दिवशी आई कठडा सोडेना. दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी स्वतःहून विचारायला आल्या, "काकू, पायाला काय झालं?" मला वाटलं ती रडेल. तिने भर पाण्यात उभं राहून त्यांना लसिका म्हणजे काय ते समजावलं, धाग्यातलंच सगळं, गल्लीबोळासकट. त्यातल्या एकीच्या वहिनीला हेच आहे म्हणे.

मापं, कारण दोघांनी मागितली होती : घोट्यापाशी सुरुवातीला २७.५ होता, तलावातून आल्यावर २६.५ ते २६.८ भरतो, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा २७ च्या आसपास. ज्या दिवशी स्टॉकिंगला अर्धा तास उशीर झाला, तलावाबाहेर एका बाईंशी गप्पा रंगल्या होत्या, त्या दिवशी संध्याकाळी २७.४. म्हणजे शंकासुरही बरोबर आणि ओली_पायरीही. मांडीला फरक नाही. गुडघा मात्र दुखायचा थांबलाय आणि ती दुपारी स्वतःहून जिना उतरून भाजीला जाते, याचं माप टेपने कसं घेणार कळत नाही.

एक दिवस चुकलं. मे महिन्याच्या उन्हात दुपारी लग्नाला गेलो, चार तास पाय लोंबकळत, स्टॉकिंग नाही कारण "पैठणीवर शोभत नाही". दोन दिवस पाय टरटरला होता. आता पैठणीखाली घालते, दिसत नाही म्हणते.

आप्पा, मालकिणीचं काय झालं?

आप्पा_निफाड | २३ मे, सकाळी ५:५०

शिरांचा त्रास निघाला, लिम्फेडेमा नाही. औषध आणि मोजा चालू आहे, चालायला सांगितलंय. शेततळ्याला कुंपण घालून घेतलं.

अंबड_नाइटशिफ्ट | २३ मे, ६:३५

मी डॉक्टरांचं पत्र घेऊन दुसऱ्या तलावावर गेलो. पत्र न वाचता पावती फाडली. सकाळी शिफ्ट सुटली की सरळ तिकडेच.

गोदाकाठचा | २३ मे, ९:२०

सासूबाईंची चिमटी बसली नाही, म्हणजे कातडी उचलली गेली नाही. जूनमध्ये अपॉइंटमेंट आहे. मंजिरी, त्यांना सोबत हवी आहे, एकट्या पाण्यात उतरणार नाहीत. काकू कुठल्या दिवशी असतात? आणि ओळखायचं कसं?

मंजिरी_इंदिरानगर | २३ मे, ९:५५

आधी अपॉइंटमेंट होऊ दे, मग या. सोम-बुध-शुक्र असते, तलाव आणि वेळ तुमच्या विचारपूस-पानावर टाकते. आई म्हणतेय, निळ्या टोपीवाली शोधा. पायाकडे बघत येऊ नका, पाण्यात दिसत नाही.

गोदाकाठचा | २३ मे, १०:०१

हातमोजे मोठ्या साइजचे घ्यायचे की मध्यम?

नलूमावशी | २३ मे, १०:३०

मध्यम. आणि आत खरबरीत ठिपके असलेले नकोत, ठिपके बाहेरच्या बाजूला, तळव्यावर हवेत.